कर एकदाच भरा ना, राव!

जानेवारी संपत आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक सीझन सुरू होतो. थंडीचा नव्हे, टॅक्सचा! बे एरिया असो नाहीतर न्यू जर्सीतलं एडिसन, दरवर्षी कुणीतरी एका कागदाचा फोटो टाकतं आणि खाली तोच प्रश्न असतो. "अरे, हा १०९९-आर आलाय. यावर ७,००० डॉलर टॅक्सेबल लिहिलंय. पण या पैशांवर मी आधीच टॅक्स भरलाय ना? आता परत भरायचा?"

उत्तर सोपं आहे. नाही भरायचा. पण तो का भरायचा नाही, हे सरकारला कागदावर सांगायचं काम तुमचं. बँक सांगणार नाही, कंपनी सांगणार नाही आणि सॉफ्टवेअर तर तुम्ही विचारल्याशिवाय तोंडही उघडणार नाही. तुम्ही गप्प बसलात, की एकाच पैशावर दोनदा कर. तोही स्वखुशीने!

तर या वेळची गप्पा तिकडे असलेल्यांसाठी, ऑनसाइटची बॅग भरत असलेल्यांसाठी आणि तिकडून दोन-चार खाती मागे ठेवून परत आलेल्यांसाठीही. विषय थोडा रुक्ष आहे, पण प्रश्न तुमच्या हजारो डॉलरचा आहे. तेव्हा कॉफी घ्या आणि बसा.

आधी फंडा क्लिअर करू

अमेरिकेत रिटायरमेंटसाठी स्वतःच्या नावाने जे खातं उघडता येतं, त्याला आयआरए म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला ट्रॅडिशनल. यात पैसे भरताना करात वजावट आणि म्हातारपणी काढताना कर. दुसरा रॉथ. यात भरताना वजावट नाही, म्हणजे कर भरून उरलेलाच पैसा जातो. पण वय साडेएकोणसाठ झालं आणि खात्याला पाच वर्षं पूर्ण झाली, की मुद्दल आणि त्यावरची वाढ, दोन्ही करमुक्त.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं, तर नव्या करप्रणालीत पीपीएफचं जे होतं तसंच काहीसं. भरताना सवलत नाही, पण शेवटी हातात येणाऱ्या व्याजावर कर नाही. तरुणपणी पैसे टाकले आणि तीस वर्षं वाढू दिले, तर हा प्रकार सॉलिड.

रॉथ हे नाव आलंय डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्यावरून. १९९७ च्या कायद्याने ही खाती आली आणि १९९८ पासून सुरू झाली. पण एक मेख आहे. उत्पन्न जास्त असेल तर रॉथमध्ये थेट पैसे टाकताच येत नाहीत. २०२५ या वर्षासाठी एकट्याने रिटर्न भरणाऱ्याची मर्यादा १,५०,००० डॉलरपासून कमी होत जाते आणि १,६५,००० ला दार बंद. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील, तर हे आकडे २,३६,००० आणि २,४६,०००. आयटीतल्या दोघांचे पगार एकत्र केले, की हे दार बरेचदा बंदच सापडतं.

मागच्या दाराने एन्ट्री

समोरचं दार बंद, पण मागचं उघडं! ट्रॅडिशनल आयआरएमध्ये पैसे भरायला उत्पन्नाची वरची मर्यादा नाही. उत्पन्न जास्त असेल आणि ऑफिसात ४०१-के असेल, तर फक्त वजावट मिळत नाही. म्हणजे तुम्ही कर भरलेलाच पैसा त्यात टाकता. पन्नाशीच्या आतल्यांसाठी ही रक्कम २०२५ साठी ७,००० डॉलर, २०२६ साठी ७,५००. आणि ट्रॅडिशनलमधून रॉथमध्ये पैसे हलवायला, म्हणजे कन्व्हर्जनला, उत्पन्नाची अट नाही. पूर्वी ती होती. १,००,००० डॉलरच्या वर उत्पन्न असेल तर कन्व्हर्जन बंद. २००६ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ती अट २०१० पासून काढून टाकली.

तेव्हा लोक दोन पावलांत काम करतात. आधी ट्रॅडिशनलमध्ये टाका, मग रॉथमध्ये हलवा. याला तिकडे बॅकडोअर रॉथ म्हणतात. नाव ऐकून झोल वाटतो, पण तसं काही नाही. २०२१ मध्ये हे दार बंद करायचा प्रस्ताव अमेरिकेच्या हाउसमध्ये पास झाला होता, पण सिनेटमधून तो पुढे गेला नाही आणि दार उघडंच राहिलं.

इथवर सगळे येतात. पैसे हलवणं म्हणजे वेबसाइटवर चार क्लिक. खरी परीक्षा पुढच्या वर्षी, रिटर्न भरताना.

८६०६, म्हणजे तुमचं पासबुक

हा नंबर लिहून ठेवा. फॉर्म ८६०६. दोन पानांचा आहे आणि काम एकच करतो. आयआरएतल्या कुठल्या पैशांवर तुम्ही आधीच कर भरलाय, याची नोंद ठेवतो. या कर भरलेल्या रकमेला तिकडे बेसिस म्हणतात. आयआरएस ही रक्कम तुमच्या वतीने मोजत बसत नाही. तुम्ही ८६०६ भरला नाही, तर त्यांच्या कागदावर तुमचा बेसिस शून्य. आणि बेसिस शून्य, म्हणजे हलवलेला प्रत्येक डॉलर करपात्र.

एक साधं गणित करू. समजा, तुम्ही २०२५ मध्ये ७,००० डॉलर ट्रॅडिशनलमध्ये टाकले. काही दिवसांत त्यावर १० डॉलर व्याज आलं. तुम्ही पूर्ण ७,०१० रॉथमध्ये हलवले. दुसरा कुठलाही ट्रॅडिशनल आयआरए नाही. आता फॉर्मवर काय होतं?

पहिल्या भागात पहिल्या ओळीवर ७,०००, म्हणजे यंदा भरलेली, वजावट न घेतलेली रक्कम. सहाव्या ओळीवर ३१ डिसेंबरची शिल्लक, म्हणजे शून्य. आठव्या ओळीवर हलवलेले ७,०१०. पुढचा भागाकार-गुणाकार झाला, की दुसऱ्या भागाच्या शेवटी, अठराव्या ओळीवर करपात्र रक्कम निघते १० डॉलर. मुख्य रिटर्नवर, म्हणजे १०४० वर, ४-ए मध्ये ७,०१० आणि ४-बी मध्ये १०. संपलं! कर फक्त त्या १० डॉलरवर.

मग १०९९-आर वर ७,०१० टॅक्सेबल का छापलेलं असतं? कारण खातं सांभाळणाऱ्या कंपनीला तुमचा बेसिस माहीत नसतो. नीट बघा, बॉक्स २-ए मध्ये पूर्ण रक्कम असते, पण शेजारी २-बी मध्ये एक टिक असते. तिचा अर्थ, करपात्र रक्कम आम्ही ठरवलेली नाही. म्हणजे बॉल तुमच्या कोर्टात.

सॉफ्टवेअरचा चकवा

घरी बसून रिटर्न भरणारे इथे हमखास फसतात. सॉफ्टवेअर आधी उत्पन्न विचारतं. तुम्ही १०९९-आर टाकता आणि कोपऱ्यातला रिफंडचा आकडा धाडकन खाली येतो. घाबरू नका. अर्धीच गोष्ट सांगून झालीये. पैसे हलवल्याचं सांगितलंत, पण भरल्याचं कुठे सांगितलंत? ते पान पुढे वजावटींच्या विभागात असतं. तिथे ट्रॅडिशनल आयआरएमध्ये ७,००० भरले आणि त्याची वजावट घेत नाही, हे सांगितलं की आकडा परत वर येतो.

बरेच जण ते पान वगळतात. कारण काय, तर "मला कुठे वजावट मिळणार आहे?" बरोबर आहे, मिळणार नाहीच. पण नोंद तिथूनच होते. २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर या एका वगळलेल्या पानाची किंमत १,६८० डॉलर. वर राज्याचा कर वेगळा. दरवर्षी हेच केलं, तर भारतवारीची तिकिटं गेली समजा.

तारखांचंही एक त्रांगडं आहे. २०२५ चा भरणा १५ एप्रिल २०२६ पर्यंत करता येतो, असा नियम. पण कन्व्हर्जन ज्या कॅलेंडर वर्षात केलं, त्याच वर्षाचं. मार्च २०२६ मध्ये २०२५ साठी पैसे भरले आणि लगेच हलवले, तर २०२५ च्या ८६०६ वर फक्त भरणा दिसेल. चौदाव्या ओळीवरचे ७,००० पुढच्या वर्षी न्यायचे आणि कन्व्हर्जन २०२६ च्या फॉर्मवर दाखवायचं. म्हणून अनुभवी लोक दोन्ही गोष्टी एकाच वर्षात उरकतात. डोक्याला ताप कमी.

भेळेतून नुसती शेव निघत नाही

आता सगळ्यात मोठा लोच्या. नोकरी बदलली की जुन्या कंपनीतला ४०१-के आयआरएमध्ये वळवून ठेवायचा, हा सल्ला सर्रास मिळतो. त्या पैशांवर अजून कर भरलेला नसतो. आणि बॅकडोअरचं गणित तिथेच बिघडतं.

समजा, जुन्या ४०१-के मधून आलेले ६३,००० डॉलर ट्रॅडिशनल आयआरएमध्ये पडून आहेत. तुम्ही नवे, कर भरलेले ७,००० दुसऱ्या बँकेत वेगळ्या आयआरएमध्ये टाकले आणि तेवढेच रॉथमध्ये हलवले. वाटलं, कर शून्य. पण आयआरएसच्या लेखी तुमचे सगळे ट्रॅडिशनल आयआरए मिळून एकच खातं. ७०,००० मधले ७,००० कर भरलेले, म्हणजे १० टक्के. तेव्हा हलवलेल्या ७,००० मधले फक्त ७०० करमुक्त, ६,३०० करपात्र. २४ टक्क्यांनी १,५१२ डॉलर.

या नियमाला प्रो-राटा म्हणतात. एकदा कालवलेल्या भेळेतून नुसती शेव उचलता येत नाही, तसंच हे. उरलेला ६,३०० चा बेसिस बुडत नाही. तो चौदाव्या ओळीवरून पुढच्या वर्षी जातो. पण कधी? तुम्ही फॉर्म भरलात तरच.

खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. फॉर्म शिल्लक बघतो ती ३१ डिसेंबरची. मार्चमध्ये तुमच्याकडे एकही जुना आयआरए नव्हता, तुम्ही छान कन्व्हर्जन केलं. ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलली आणि जुना ४०१-के आयआरएमध्ये वळवला. झालं! मार्चचं स्वच्छ काम डिसेंबरात भेळेत गेलं. आणि २०१८ पासून झालेलं कन्व्हर्जन मागे घेता येत नाही.

सुटका आहे. नव्या कंपनीचा ४०१-के बाहेरचे पैसे घेत असेल, तर आयआरएतला कर न भरलेला भाग वर्ष संपायच्या आत तिथे वळवा. आयआरएमध्ये फक्त कर भरलेले पैसे उरतात आणि गणित परत सोपं होतं. दुसरी चांगली बातमी म्हणजे आयआरए हे ज्याचं त्याचं. नवऱ्याच्या खात्यातले ६३,००० बायकोच्या गणितात येत नाहीत. रिटर्न एकत्र असलं, तरी ८६०६ दोघांचे दोन.

राज्याचा हिशोबही वेगळा बघा. उदाहरणार्थ, न्यू जर्सीत ट्रॅडिशनल आयआरएच्या भरण्याला राज्याच्या करात वजावटच नाही. त्यामुळे तिथली कर भरलेली रक्कम फेडरलपेक्षा वेगळी निघू शकते.

दार मोठं, फॉर्म वेगळा

काही कंपन्यांत याहून मोठं दार असतं. ४०१-के मध्ये २०२५ साठी तुमच्या पगारातून नेहमीचे २३,५०० डॉलर जातात. पण तुमचे आणि कंपनीचे मिळून एकूण मर्यादा ७०,००० ची. समजा, तुमचे २३,५०० आणि कंपनीचे ११,५००, झाले ३५,०००. उरलेले ३५,००० कर भरून टाकायची सोय प्लॅनमध्ये असेल, तर ते टाकून तिथल्या तिथे रॉथमध्ये बदलता येतात. याला मेगा बॅकडोअर म्हणतात. २०२६ साठी एकूण मर्यादा ७२,००० आहे. सगळ्या कंपन्या ही सोय देत नाहीत, तेव्हा एचआरला विचारा.

इथे ८६०६ लागत नाही! पैसे आयआरएतून निघालेलेच नाहीत. १०९९-आर येतो, पण त्यावर बॉक्स ७ मध्ये जी हा कोड असतो. बॉक्स १ मध्ये समजा ३५,०६०, बॉक्स ५ मध्ये तुमचे कर भरलेले ३५,०००, आणि बॉक्स २-ए मध्ये फक्त वाढलेले ६० डॉलर. १०४० वर हे ४-ए, ४-बी मध्ये नाही, तर ५-ए आणि ५-बी मध्ये जातं. ५-ए ला ३५,०६०, ५-बी ला ६०. इथे कंपनीने गणित करून दिलेलं असतं, तुम्ही फक्त बॉक्स ५ टाकायला विसरू नका.

मागच्या वर्षांचा फॉर्म राहिला असेल तर?

टेन्शन नॉट. ८६०६ हा सुटाही भरता येतो. ज्या वर्षाचा राहिला, त्याच वर्षाचा फॉर्म घ्यायचा, सही करायची आणि पाठवायचा. फॉर्म न भरल्याचा दंड ५० डॉलर आहे आणि योग्य कारण असेल तर तोही माफ होऊ शकतो. कर जास्त गेला असेल, तर १०४०-एक्स भरून परत मागता येतो. त्याला मुदत साधारण मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांची. ५० डॉलरच्या भीतीने १,६८० सोडून देणं, हा कुठला हिशोब?

परतीचं तिकीट काढणाऱ्यांसाठी

आणि आता ती गोष्ट जी तिकडचा सल्लागार सांगत नाही आणि इकडचा विचारत नाही. तुम्ही परत कोथरूडला किंवा ठाण्याला राहायला आलात, तरी हे खातं तिकडेच राहतं. भारताने २०२१ च्या फायनान्स अॅक्टमध्ये कलम ८९अ आणलं आणि २०२२ मध्ये त्यासाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा ही नावं जाहीर केली. अर्थ असा, की तिकडच्या रिटायरमेंट खात्यातल्या वाढीवर दरवर्षी इकडे कर न भरता, तिकडे ज्या वेळी कर लागतो त्या वेळी भरायचा पर्याय घेता येतो. त्यासाठी ठरलेला फॉर्म वेळेत भरावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या आयकर कायद्याने घेतली आहे, तेव्हा कलमाचा आणि फॉर्मचा नवा नंबर सीएकडून पक्का करा.

पण रॉथ अमेरिकेत करमुक्त आहे म्हणून इकडेही करमुक्तच, असं गृहीत धरू नका. परतायचं नक्की असेल, तर कन्व्हर्जन करायचं की नाही, आणि केलं तर विमानात बसायच्या आधी की परतल्यावरच्या सुरुवातीच्या वर्षांत, जेव्हा बऱ्याच जणांच्या परदेशी उत्पन्नावर इकडे कर नसतो, हे दोन्हीकडच्या जाणकारांना एकत्र विचारा. एकाला विचारून भागणार नाही.

फ्रिजवर लावायची यादी

भरणा आणि कन्व्हर्जन शक्यतो एकाच कॅलेंडर वर्षात करा.

३१ डिसेंबरला ट्रॅडिशनल आयआरएमध्ये कर न भरलेला पैसा उरलाय का, ते नोव्हेंबरातच बघा.

१०९९-आर आला की आधी बॉक्स ७ मधला कोड बघा. आयआरएतून आला असेल तर ८६०६ आणि ४-ए, ४-बी. ४०१-के मधून आला असेल तर ५-ए, ५-बी.

रिटर्न सीएकडून भरून घेत असाल, तरी पाठवायच्या आधी पीडीएफमध्ये ८६०६ आहे का ते शोधा. नसेल तर विचारा. लाजू नका.

मे महिन्यात फॉर्म ५४९८ येतो. तो रिटर्नला जोडायचा नसतो, पण भरणा आणि कन्व्हर्जनचे आकडे त्याच्याशी ताडून बघा.

आणि प्रत्येक वर्षाचा ८६०६ जपून ठेवा. सात वर्षं नाही, खात्यातला शेवटचा डॉलर काढेपर्यंत. नोकऱ्या बदलतील, बँका एकमेकींत विलीन होतील, ईमेलचे पासवर्ड विसरतील. पंचवीस वर्षांनी पैसे काढायला जाल, तेव्हा "यावर कर भरला होता" हे तुमच्या बाजूने सांगणारं दुसरं कुणी नसेल. चौदाव्या ओळीवरचा तो एक आकडा तेवढा असेल.